उजवा पाय

वेस्ट मांबलम, चेन्नई
शनिवार, २६ एप्रिल

प्रिय हरी, माझ्या डावखुऱ्या लेकी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. आज्जीची साखर आटोक्यात आहे आणि बाबांचा गुडघा जेवढा कुरकुरायचा तेवढा कुरकुरतोच आहे. फोन सोडून हे पत्रबित्र काय, असं म्हणशील. रविवारी शिबिरात तुम्हाला दहा मिनिटं फोन देतात, आणि त्या वेळी इकडे आम्ही तिघंही फोनभोवती कोंडाळं करून बसलेलो असतो. मला जे सांगायचंय ते त्या कोंडाळ्यात सांगता येण्यासारखं नाही. शिवाय या घरात देवनागरी वाचणाऱ्या तू आणि मी दोघीच. आज्जी आणि बाबा मराठी बोलतात ते तंजावरचं, आणि लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरांत लिहितात. लहानपणी मी शुद्धलेखन घालायला बसले की माझ्या नावाने बोटं मोडायचीस, त्याचा आज उपयोग होतोय. तू एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाचतेस हे मला ठाऊक आहे. तसंच वाच, सावकाश.

गेल्या रविवारी तू विचारलंस, आई, माझ्या पायांना काय झालंय? तीन आठवडे झाले बंगळूरला जाऊन आणि एक तिहेरी उडी धड होत नाही. धाव बरोबर येते, पण उडीच्या फळीपाशी पोचलीस की उजव्याच्या जागी डावा पाय पडतो. दहातल्या सात उड्यांना लाल झेंडा, आणि उरलेल्या तीन अकरा मीटर तीसच्या आसपास. बारा मीटर चौऱ्याहत्तरची मुलगी ती हीच का, असं तिथले सर तुझ्यादेखत कोणाला तरी म्हणाले. अठरा मेच्या चाचणीत साडेबारा झालं नाही तर ज्युनियर संघाचं दार बंद, आणि तू सामान बांधून घरी. बाबा म्हणाले, जागा नवी आहे, हवापाणी बदललंय, होईल ठीक. आज्जी नुसती माझ्याकडे बघत राहिली. पण हरी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच क्षणी माहीत होतं. ते पोटात ठेवून मी सहा दिवस काढले आहेत.

आधी घरची बातमी सांगते. तू गेल्यापासून आपल्या गच्चीवर कोणीतरी धावतं. मी हिंदी शिकवणारी बाई, वर्गातल्या पोरींनी असलं वाक्य निबंधात लिहिलं तर लाल पेनने खूण करीन, पण दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगू? दुपारचे तीन, कठड्यावर कावळासुद्धा बसत नाही असं ऊन. गच्चीच्या दाराला कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला. पाण्याच्या टाकीकडून पावलं सुरू होतात, आधी सुटी सुटी, मग जलद. सोळा. तुझी धाव मी इतक्यांदा मोजली आहे की माझं मोजणं आपोआप होतं. सोळानंतर एक दणका, मग थोड्या अंतराने दुसरा. तिसरा कधीच पडत नाही. मी पंख्याकडे बघत त्या तिसऱ्याची वाट पाहत पडून राहते. दुसऱ्या मजल्यावरच्या कुमुदिनी मामींनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, हरी वंदाच्चा? इतक्यात आली परत? त्यांच्या फळीवरची भांडी वाजतात म्हणे. मी म्हटलं मांजर असेल. अशी मांजर त्यांनी जन्मात पाहिली नसेल, पण बिचाऱ्या हो म्हणाल्या.

बुधवारी मी बाबांची जुनी वेष्टी गच्चीवर पसरून तिच्यावर वडाम, मिरजेच्या भाषेत पापड्या, घातले होते. चार वाजता उलटायला गेले तर ओल्या पिठात एक पाऊल. टाच नाही, फक्त चवडा आणि पाच बोटं, धावताना उमटतो तसा. उजवा पाय होता. तुला हसू येईल, पण मी काय केलं असेल? पळीने पीठ सारखं केलं आणि खाली येऊन चहा टाकला. ते वडाम वाळले, डब्यात भरले, पण तळायला हात होत नाही.

आता मागचं सांगायला हवं, कारण यातलं अर्धं तुला माहीत आहे आणि अर्धं आम्ही सगळ्यांनी मिळून तुझ्यापासून लपवलं. मिरजेहून लग्न होऊन मी इथे आले तेव्हा या घरच्या रीती शिकता शिकता माझी दमछाक झाली. सांबारात काय घालायचं, सासूला काय म्हणायचं, पोंगलला कोणाच्या पाया आधी पडायचं. त्यातलीच एक म्हणजे कन्नीचं वस्त्र. घरातली जी मुलगी लग्नाआधी गेली तिला तै, म्हणजे पोंगलच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी नवी पावाडै ठेवायची, फुलं, पान, गूळपोहे ठेवायचे, दार लोटून घटकाभर बाहेर बसायचं. मग ती पावाडै घरातल्या जित्या मुलीला घालायची. म्हणजे मेलेल्या मुलीने ती घातली, असं. आपल्या घरची कन्नी म्हणजे तुझी कनका आत्या, बाबांची बहीण. सोळा वर्षांची असताना मेंदूज्वराने चार दिवसांत गेली, एवढंच मला सांगितलं होतं. तू तीन वर्षांची झाल्यापासून दर वर्षी ती पावाडै तुला घालायचो. तू गिरक्या घ्यायचीस. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरीला वर्षाला एक रेशमी परकर मिळतो, कोणाचं काय जातंय, असा माझा हिशेब.

तू तेरा वर्षांची झालीस आणि पावाडै घालणार नाही म्हणून अडून बसलीस. केस कापून आली होतीस, दिवसभर मैदानावर असायचीस. तेव्हा शंभर मीटर पळायचीस आणि लांब उडी मारायचीस, डाव्या पायावरून, यथातथाच. त्याच आठवड्यात तुझे पहिले स्पाइक्स आणले होते, खोक्यातून काढलेसुद्धा नव्हते. आणि मला शहाणपण सुचलं. मी आज्जींना म्हटलं, ही कापड घालणार नाही, तर नवी वस्तू म्हणून हे बूट ठेवू. कातड्याचे नाहीत, जमिनीला लागलेले नाहीत, विटाळ कसला? एका दगडात दोन पक्षी. मला वाटलं आज्जी भडकतील, देवापुढे जोडे म्हणून. त्यांनी खोकं उघडून बुटांच्या खिळ्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, असूं दे, पावम, बिचारी, असूं दे. बूट स्वतः पाटावर मांडले, उजवा आधी. दार लोटून बाहेर बसल्यावर त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, एवढं काय त्यात.

पुढच्या सोमवारी तू ते बूट घालून मैदानावर गेलीस. मी शाळेतून परस्पर तुला न्यायला आले होते. नारायणस्वामी सर मोठ्या मुलींना तिहेरी उडी शिकवत होते, एका पायावर लंगडी, मग दुसऱ्या पायावर ढांग, मग उडी. कोणाचंच जमत नव्हतं. तू कोणाला न विचारता रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिलीस. तुझी पाळी आली आणि तू धावलीस. उजवा, पुन्हा उजवा, डावा, आणि थेट वाळूत. नऊ मीटर ऐंशी. सरांच्या हातातली शिट्टी तशीच राहिली. त्यांनी मला विचारलं, घरी कोण शिकवतं हिला? मी म्हटलं, घरी हिला कोणी भात गिळायलासुद्धा शिकवू शकत नाही. आम्ही दोघं हसलो. तू मात्र वाळूत बसून आपल्या पायांकडे बघत होतीस. मला आठवतं, तू म्हणालीस, आई, मी नव्हते करत, होत होतं.

तुझ्यापेक्षा माझंच डोकं जास्त फिरलं त्या दिवसांत. जिल्हा, विभाग, मग राज्य. दहा नव्वद, अकरा साठ, बारा वीस. आकडे मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायची. मिरजेला फोन करून तुझ्या मामाचं डोकं खायची. पहाटे तुझ्याबरोबर मैदानावर यायची, वाळू सारखी करायची, तुझी धाव पावलांनी मोजून चुन्याची खूण करायची. दर वर्षी तैमध्ये नवे बूट यायचे, आधी पाटावर जायचे, मग तुझ्या पायात. तुला सांगायचो, दुकानदाराकडून उशीर झाला. घरात तू डावखुरी, चपलेत डावा पाय आधी, जिन्यावर डावा आधी, आणि फळीवर उजवी. सर म्हणाले, असतं काही जणींचं. विभागाच्या सामन्यात तुझ्या बुटाचा तळ सुटला आणि तुझ्या संघातल्या दिव्यश्रीचे बूट मागून घातलेस, आठवतं? तिन्ही उड्या डाव्या पायाने, तिन्ही फाउल. गाडीत रडलीस. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

मला पहिल्यांदा खटकला तो तुझा हात. धाव घेण्याआधी तू उजवा हात मानेमागे नेतेस, काहीतरी ओढून पुढे आणतेस आणि कमरेशी खोचतेस. तुझे केस कानाच्या खाली येत नाहीत. मी विचारलं तर म्हणालीस, काय करते मी? तुला ठाऊकच नव्हतं. मागच्या वर्षी पोंगलच्या सुमारास एकदा तुझ्या उडीचा व्हिडिओ मी बाबांना दाखवत होते. पहिल्या काही सेकंदांतच त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला आणि उठून गॅलरीत गेले. तिथूनच म्हणाले, कनकाची वेणी गुडघ्यापर्यंत होती. उडी मारताना तोंडावर आपटायची, म्हणून स्कर्टच्या पट्ट्यात खोचायची. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आमच्या, आणि त्या दिवशी मला कळलं की ती उड्या मारायची. मुलींसाठी तेव्हा तो प्रकार नवाच होता. शाळेच्या एका सरांनी शिकवला होता, अनवाणी. तिने आज्जींकडे खिळ्यांचे बूट मागितले होते. आज्जी म्हणाल्या होत्या, परीक्षा होऊ दे, मग बघू. परीक्षेआधी ताप आला. तीस वर्षं त्या बाईने हे तोंडातून काढलं नव्हतं, आणि परगावची सून एके दिवशी तेच बूट खोक्यात घालून तिच्या पुढ्यात ठेवते. मी अजाणता केलं, हरी. पण जाणल्यावरही त्या वर्षी मी बूट ठेवायचे थांबवले नाहीत. बारा वीसची मुलगी मला आवडायला लागली होती.

मग डिसेंबरमधली राज्य स्पर्धा. आज्जी पहिल्यांदाच तुझी उडी बघायला आल्या होत्या, छत्री घेऊन, पहिल्या ओळीत. पाचवी उडी, बारा चौऱ्याहत्तर. सगळं मैदान उठलं. मी ओरडून ओरडून घसा बसवला. तू वाळूतून उठलीस, मागे वळलीस, आमच्याकडे बघितलंस. माझ्यावरून तुझी नजर अशी सरकली, जशी अनोळखी बाईवरून सरकते. ती आज्जींवर थांबली. आणि तू म्हणालीस, अम्मा. मोठ्याने नाही, पण मी ऐकलं. तू मला आई म्हणतेस आणि त्यांना आज्जी. अम्मा या घरात कोणी कोणाला म्हणत नाही, तीस वर्षं झाली. आज्जींनी दोन्ही हात पुढे केले. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. त्या इतक्या आनंदात होत्या की मला तिथे बसवेना. घरी येताना तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस, आणि उठल्यावर विचारलंस, आई, किती झाली गं उडी? तुला आठवत नव्हती. तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी उडी, आणि तू तिथे नव्हतीस.

त्या दिवसापासून माझ्या मनात एकच भुंगा. कनका सोळाच्या पुढे गेलेलीच नाही. तू येत्या नोव्हेंबरात सतरा पूर्ण करशील. पुढची वाट तिला माहीत नाही, मग ती तुला कुठे नेणार? का तिथेच थांबवून ठेवणार? आणि खरं सांगू? भीतीइतकाच मला मत्सर वाटला. एका मेलेल्या पोरीचा आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या म्हातारीचा. पहाटे वाळू मी सारखी करायची, पायाला तेल मी चोळायचं, आणि नजर मात्र त्यांच्यावर. आत्ता हे लिहिताना तीन वाजून गेलेत. आज गच्चीवर काही वाजलं नाही. आज्जींनी आपल्या खोलीचं दार लोटून घेतलंय आणि आत त्या हळू आवाजात कोणाला तरी समजावतायत, रडू नको, देते म्हणून सांगितलं ना.

म्हणून हे पत्र, हरी. या वर्षी तैमधल्या शुक्रवारी मी आज्जींना सांगितलं की बूट आलेच नाहीत, आणि पाटावर नुसती पावाडै ठेवली. बूट माझ्या कपाटात होते. ते कोणापुढे न ठेवता मी तुझ्या बॅगेत भरले. सराव तू जुन्याच बुटांत करत होतीस, हे नवे तू बंगळूरला गेल्यावर पहिल्यांदा घातलेस. तुझ्या पायांना काहीही झालेलं नाही, ते फक्त तुझे आहेत. डावा पाय तुझा आहे आणि अकरा तीससुद्धा तुझी. त्या बारा चौऱ्याहत्तरमध्ये तुझं किती होतं हे मला सांगता येणार नाही, घाम तरी सगळा तुझा होता. आधी तुला न विचारता मी तुझे पाय दिले, आणि मग तुला न विचारताच काढून घेतले, तेही तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चाचणी समोर असताना. आई झाले म्हणून मला हा हक्क कोणी दिला नव्हता. आता विचारते. उद्याच्या फोनपर्यंत हे पत्र पोचणार नाही, उद्या मी वडामबद्दल बोलेन. चार मेच्या रविवारी, सगळ्यांदेखत, तू फक्त एवढंच म्हण की आई, नवे बूट पाठव. मी ते नऊ तारखेच्या शुक्रवारी पाटावर मांडीन, उजवा आधी, आणि दुसऱ्या दिवशी कुरिअरने पाठवीन. चाचणीला मी येईन, तू कोणाकडेही बघितलंस तरी टाळ्या वाजवीन. आणि तुला नको असतील तर काहीच म्हणू नकोस. डाव्या पायाने जेवढी होईल तेवढी मार आणि घरी ये, इथे जे काही ऐकावं लागेल ते मी ऐकेन. निवड तुझी, मी मध्ये पडणार नाही. पण मला कोणती मुलगी हवी आहे हे तुझ्यापासून लपवून हे पाकीट चिकटवलं तर ती तिसरी लबाडी होईल. मला अकरा तीसवाली हवी आहे.

तुझीच, आणि फक्त तुझीच,
आई